'अकरा वर्षं हे दोघं काय करत होते?'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुग्धा आणि ओंकार कॉलेजपासूनचे मित्र, कादंबरीच्या शेवटी एकत्र येतात. ६० हजार शब्द लिहून झालेत. तिघांना वाचायला दिलं. तिघांनीही मधला भाग रेंगाळतो म्हटलं, एक जण म्हणाला की शेवट पहिल्याच पानावर कळतो, आणि एका मैत्रिणीने विचारलं, "अकरा वर्षं हे दोघं काय करत होते?" म्हणून तुम्ही मध्यावर एक गैरसमज घालायच्या विचारात आहात (ओंकार तिला दुसऱ्या कुणाच्या मिठीत बघतो), नाहीतर तिसरं पात्र आणायच्या. दोहोंतलं बरं काय, आणि प्रेम 'कळण्याचा' क्षण कितव्या प्रकरणात ठेवायचा, असं विचारलंय. सोबत सारांश आणि पहिली तीन प्रकरणं आहेत. मी ती दोनदा वाचली.

मी १९ वर्षं कादंबऱ्यांचं संपादन करते, काही प्रकाशकांसाठी, काही थेट लेखकांसाठी. त्यात प्रेमकथा पुष्कळ. स्वतःच्याही दोन छापून आल्यात. त्यातली पहिली कुणी वाचायला मागितली की मी विषय बदलते. का, ते पुढे सांगते.

आधी ती पहिल्या पानाची तक्रार बाजूला ठेवू. या प्रकारच्या कादंबरीत ते कळायलाच हवं, वाचक पुस्तक उचलतो तेच त्यासाठी. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या 'एमा' या कादंबरीत (१८१५) ५५ प्रकरणं आहेत. एमा आणि तिचा जुना स्नेही नाइटली यांचं जमणार हा वास वाचकाला फार आधी लागतो. खुद्द एमाला कळतं ते ४७व्या प्रकरणात, तेही तिची मैत्रीण हॅरिएट येऊन 'मला नाइटली आवडतात, आणि त्यांनाही मी आवडत असेन' असं सुचवते तेव्हा. तोवर बाई गावातल्या इतरांची लग्नं जुळवत बसलेली असते आणि आपण चरफडत, हसत वाचत राहतो. वाचक पुढे आणि पात्रं मागे, या अंतरावरच ही कथा चालते. तेव्हा तुमच्या वाचकांना आधी कळलं याचा त्रास झालेला नाही. कळल्यावर पुढे बघायला काही मिळालं नाही, याचा झालाय.

खरा प्रश्न त्या मैत्रिणीनेच विचारलाय, आणि त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. इतकी वर्षं का नाही? आणि मग आत्ताच का? पहिल्याचं उत्तर तुमच्या सारांशात एका वाक्यात आहे: 'दोघांनाही मैत्री गमवायची नव्हती.' दुसऱ्याचं कुठेच नाही. गैरसमजाचा प्रसंग या दोन्हींपैकी कशाचंच उत्तर देत नाही, तो फक्त पानं खातो.

आता माझ्या पहिल्या कादंबरीबद्दल. त्यातही दोन मित्र होते, आणि मीही मध्यावर अडले होते. मग मी तिने लिहिलेली चिठ्ठी हरवली. तो समजला तिचं दुसरीकडे ठरलंय, ती समजली याला काही पडलेलं नाही, अशी ६० पानं काढली. पुस्तक आल्यावर एका वाचनालयात कार्यक्रम झाला. मागच्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, "अहो बाई, तुमचा हा नायक पान ४० वर मोबाइलचं रिचार्ज करतो ना? मग एक फोन का नाही केला त्याने?" सभागृह हसलं, मीही हसले. घरी जाऊन पान ४० उघडलं. खरंच रिचार्ज होतं.

अनोळखी माणसांमध्ये गैरसमज टिकतो, कारण विचारायचा हक्क नसतो. पण मैत्री म्हणजे तोच हक्क. अकरा वर्षांची मैत्रीण कुणाच्या मिठीत दिसली तर ओंकार काय करेल? रात्री साडेअकराला फोन करून म्हणेल, "काय गं, कोण होता तो दाढीवाला?" तुमच्या पहिल्या प्रकरणातला ओंकार तरी नक्की हेच म्हणेल, इतका तो चांगला उतरलाय. मध्यावर तो गप्प बसला, तर वाचक म्हणणार की हा ओंकारच नव्हे, लेखकाला शंभर पानं हवी होती म्हणून गप्प बसवलेला माणूस आहे.

मग अडचण आणायची कुठून? माझा अनुभव असा की मैत्रीतून प्रेमाकडे जाणाऱ्या गोष्टीत अडचण बाहेरून आणावी लागत नाही, मैत्रीच ती असते. पण त्यासाठी ती मैत्री ठोस हवी, घरातल्या फ्रिजसारखी: ती कुठे उभी आहे, तिच्यात काय काय ठेवलंय, बंद पडली तर आधी काय नासेल. 'मैत्री गमवायची नव्हती' याने वाचकाच्या पोटात कालवत नाही, कारण नेमकं काय गमावणार ते त्याला दिसत नाही.

आपल्याकडे तर ही किंमत फार स्पष्ट असते आणि आपण ती लिहायला विसरतो. मुलगा-मुलगी इतकी वर्षं एकमेकांच्या घरी ये-जा करू शकतात, ते एका वाक्याच्या जोरावर: 'तो तिला भावासारखा आहे.' कधी हे तिची आई शेजारच्या काकूंना सांगते, कधी राखी बांधून पक्कं केलं जातं. हे वाक्य म्हणजे परवाना आहे. त्यावर ओंकार रात्री दहाला त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्याने पोळी खाऊ शकतो, तिच्या वडिलांच्या बायपासच्या वेळी रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसू शकतो, तिला गाडीवरून स्टेशनला सोडू शकतो. तो प्रेमात पडला की हा परवाना मागच्या तारखेपासून रद्द होतो. तिच्या आईला आजचा धक्का बसतोच, शिवाय ती अकरा वर्षं उलटी मोजायला लागते: तेव्हा ट्रेकला गेले होते, तेव्हाही? तुमच्या सारांशात ही आई दोन ठिकाणी चहा देऊन जाते. तिला एवढ्यावर सोडू नका.

गंमत म्हणजे हा घोळ फक्त आपला नाही. नाइटली हा एमाच्या बहिणीचा दीर. एका नाचाच्या वेळी एमा त्याला म्हणते की आपण काही खरोखरचे भाऊ-बहीण नाही, तेव्हा एकत्र नाचलो तर वावगं काय? आणि तो चटकन म्हणतो, भाऊ-बहीण? छे, मुळीच नाही. एवढंच. प्रकरण ३८. त्या 'छे'मध्ये वाचकाला जे मिळतं ते दहा पानांच्या तळमळीत मिळत नाही.

आता तुमच्याकडच्या दडलेल्या खजिन्याकडे येते. दुसऱ्या प्रकरणात तुम्ही दीड ओळीत लिहिलंय की दोघांची ओळख पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमीत झाली, तो प्रकाश बघायचा आणि ती संगीत. आणि पुढे सरळ त्यांचं कॅफेत बसून बोलणं सुरू होतं. मग दुसरा कॅफे, मग तिसरा. तीन प्रकरणांत हे दोघं सात वेळा कॉफी पितात! मैत्री गप्पांमधून दाखवायचा मोह सगळ्यांना होतो, पण मैत्री दिसते ती एकत्र केलेल्या कामात. भरत नाट्य मंदिरातला काळोख, प्रयोग सुरू, दोघं शेजारी बसलेले, बोलायची सोय नाही. तिला म्युझिक फेड करायचंय तेव्हाच त्याला स्पॉट मारायचाय, आणि कलाकाराने मधली चार वाक्यं खाल्ली. कुठल्या वाक्यावर काय करायचं ते लिहिलेल्या क्यू शीटला आता काही अर्थ उरला नाही. ती त्याच्याकडे न बघता त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवते: थांब, थांब, आता. आणि दोन्ही एकाच क्षणी पडतं. हे एकदा नीट लिहा. मग शंभरेक पानांनंतर, कुठल्यातरी रिसेप्शनच्या गर्दीत, ती त्याच्या मनगटावर तीच दोन बोटं ठेवेल आणि या वेळी त्याला 'थांब' की 'आता' ते कळणार नाही. तुम्हाला एक शब्दही समजावून सांगावा लागणार नाही.

शिवाय 'इतकी वर्षं का नाही' याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. ज्यांचं काम एकत्र इतकं जमतं त्यांना कशाची कमतरता जाणवत नाही. आणखी काही हवंय हे कळायला आहे ते आधी हलावं लागतं.

ते हलवायला तुमच्याकडे तिसरं पात्र आहे, पण तुम्ही ते ऑफिसातून आणताय: देखणा, थोडा उद्धट सहकारी. मी म्हणेन, त्याला ऑफिसातून काढा आणि स्थळ म्हणून आणा. आपल्याकडे हॅरिएटचं काम स्थळ करतं. मुग्धा २९ वर्षांची आहे, आई दोन वर्षं मागे लागलीय, हे तुम्हीच लिहिलंय. मग असं बघा.

रविवारची सकाळ. ओंकार नेहमीसारखा त्यांच्याकडे. आत पोह्यांना फोडणी पडलीय. काकू हात पुसत बाहेर येतात आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधला बायोडेटा त्याच्यापुढे ठेवतात. "ओंकार, हा तुमच्या हिंजवडीतलाच आहे बघ. जरा चौकशी कर ना. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार मी?" आतून मुग्धा ओरडते, "आई, त्याला कशाला!" ओंकार फोटो बघतो, हसतो, म्हणतो, "करतो काकू." आणि खरंच करतो. दोन जणांना विचारतो, एकदा त्या मुलाबरोबर कॅंटीनमध्ये जेवतो. मुलगा चांगला निघतो. उद्धट नाही, व्यसनी नाही, वडिलांना दर आठवड्याला दवाखान्यात नेणारा, थोडं बरं गाणारा. आता ओंकारला जाऊन सांगायचंय. एक वाक्य पुरेल: 'काकू, नको वाटतं.' कोणी कारणही विचारणार नाही, त्याच्या शब्दाला त्या घरात तेवढं वजन आहे.

तो काय म्हणेल, हे तुम्ही ठरवा. खोटं बोलला तरी कादंबरी चालेल. मग ते खोटं उघडं पडण्याची भीती शेवटपर्यंत पुरेल, आणि तो गैरसमजापेक्षा शंभरपट चांगला ताण असेल, कारण ती त्याने स्वतः केलेली गोष्ट आहे. मी मात्र त्याला खरं बोलायला लावलं असतं. "मुलगा चांगला आहे, काकू." आणि काकू आनंदाने आत जातात, चिमूटभर साखर आणून त्याच्या तळहातावर ठेवतात. ती साखर तोंडात टाकतानाचा ओंकार तुम्हाला लिहिता आला, तर 'प्रेम कळण्याचा क्षण कुठे ठेवू' हा प्रश्न सुटला. हे साधारण पुस्तकाच्या एक तृतीयांशावर येईल. ६० हजार शब्दांचं पुस्तक डेमी आकारात २०० ते २२० पानं होतं, म्हणजे पान ७०च्या आसपास.

आणि हा क्षण दोघांना एकाच वेळी देऊ नका. त्याला पान ७० वर कळलं तर तिला १२०च्या पुढे कळू दे, आणि वेगळ्याच कारणाने. मधली ५० पानं तो एकटा ते सांभाळतोय, तिच्याशी पूर्वीसारखं वागायचा अभिनय करतोय, आणि तो अभिनय तिला टोचतोय. तुमचा रेंगाळणारा मध्य इथेच भरून निघतो.

आता भाषेकडे येऊ. इथे मला जरा लांबण लावायचीय, कारण मराठीत लिहिणाऱ्यांची ही खास पंचाईत आहे.

जुन्या मराठी प्रेमकथेत लेखकाच्या हाताशी एक शिडी होती. पात्रं 'तुम्ही'वर असायची, आणि एका पानावर नकळत 'तू' निसटायचं. वाचकाच्या अंगावर काटा यायला तेवढं पुरायचं. मित्रांच्या गोष्टीत ही शिडी पहिल्याच दिवशी वापरून झालेली असते. मुग्धा-ओंकार १८व्या वर्षापासून अरे-तुरेत आहेत, 'ए गाढवा'त आहेत. यापुढे जवळ कुठे जाणार?

याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा, एका नवख्या लेखकाचं हस्तलिखित वाचताना सापडलं: जवळ जायचंच नाही, लांब जायचं. मित्र प्रेमात पडले की औपचारिक होतात. जो सरळ दार ढकलून आत यायचा तो बेल वाजवतो. 'येऊ का?' विचारतो. जी घरातल्या जुन्या टी-शर्टवर समोर बसायची ती तो येणार म्हणून कपडे बदलते, आणि बदलले हे लक्षात येऊ नये म्हणून पुन्हा जुनाच घालते. आणि 'थँक्यू'! मराठी मित्रांमध्ये 'थँक्यू' ही जवळजवळ शिवी असते. कुणी म्हटलं तर 'थँक्यू काय म्हणतेस, डोकं फिरलंय का?' असं उत्तर येतं. तुमच्या दहाव्या प्रकरणात मुग्धा एकदा ओंकारला सहज 'थँक्यू' म्हणू दे, आणि त्याने त्यावर चिडवायचं विसरू दे. दोघंही गप्प. बस.

नावांचंही तसंच. तो तिला 'गोडबोले' म्हणतो आणि ती त्याला 'ओम्या', हे तुम्ही पहिल्याच पानावर छान पेरलंय. मग तिसऱ्या प्रकरणात तो तिला तीनदा 'मुग्धा' म्हणून का हाक मारतो? तुमच्याही लक्षात आलं नसेल. त्या तीनही जागा दुरुस्त करा. ते नाव त्याच्या तोंडी पुस्तकभर येऊच देऊ नका. म्हणजे ज्या पानावर येईल तिथे ते काम करेल.

कबुलीच्या वाक्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सारांशात 'माझं तुझ्यावर प्रेम आहे, मुग्धा' असं वाक्य दिसलं म्हणून सांगते. हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण कोणी बोलत नाही. माणसं 'आय लव्ह यू' म्हणतात, कारण परक्या भाषेत लाज कमी वाटते. किंवा 'तू मला आवडतेस' म्हणतात, आणि त्यात अडचण अशी की ती त्याला आवडते हे गेली अकरा वर्षं जगजाहीर आहे. तेव्हा तुमच्या ओंकारला शब्दच नाहीत. ही उणीव समजू नका, हाच प्रसंग आहे. नाइटलीही कबुलीच्या वेळी हेच म्हणतो, की प्रेम कमी असतं तर कदाचित जास्त बोलता आलं असतं. ओंकारला बोलायचंय, शब्द सापडत नाही, तो विनोद करायला जातो, विनोद पडतो. आणि मुग्धा म्हणते, "ओंकार." 'ओम्या' म्हणत नाही. तुमचं आख्खं वाक्य त्या एका हाकेत मावतं.

आणखी एक शब्द: 'अचानक'. तुमच्या तीन प्रकरणांत मी ११ वेळा मोजला. 'अचानक त्याला तिचे डोळे वेगळे भासले.' अकरा वर्षं बघितलेले डोळे अचानक वेगळे भासत नाहीत, निदान वाचकाला ते पटत नाही. ओळखीची गोष्ट अनोळखी जागी दिसली की ती नव्याने दिसते. तिच्या केसांतली पेन्सिल त्याने हजारदा बघितलीय. पण त्या स्थळाच्या मुलासमोर कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन येताना ती पेन्सिल काढायला विसरली, आणि समोरच्या मुलाने ती बघून हसून घेतलं, तर ओंकारला ते का लागतं? कारण आजवर ती पेन्सिल फक्त त्याने पाहिली होती. किंवा तसं त्याला वाटत होतं.

निवेदनाबद्दल थोडक्यात. तुम्ही एक प्रकरण तिचं, एक त्याचं, दोन्ही 'मी'मध्ये लिहिताय. मराठीत याचा मोठा फायदा आहे: 'आले' की 'आलो' यावरून पहिल्याच ओळीत कळतं कोण बोलतंय, प्रकरणावर नाव टाकायची गरज नाही. पण हीच सोय घात करते. तुमच्या दोन प्रकरणांतलं आले-आलो काढलं तर दोघांचा आवाज एकच आहे. एक युक्ती सांगते. ओंकार प्रकाशवाला आहे, त्याला आधी दिसू दे. मुग्धा संगीतवाली, तिला आधी ऐकू येऊ दे. तो खोलीत शिरला की ट्यूबलाइट लुकलुकते, ती शिरली की कुठे नळ ठिबकतोय. फार ताणू नका, चार-पाच ठिकाणी पुरे.

आता यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. दोघांपैकी एकाला पहिल्या दिवसापासून प्रेम आहे आणि त्याने ते दाबलंय, अशी गोष्ट असेल तर मी वर सांगितलेली उतरंड चालणार नाही. तिथे प्रश्न फसवणुकीचा होतो: इतकी वर्षं मित्र म्हणून वावरलास ते खरं होतं का? तुम्ही अॅपवर भागाभागाने टाकणार असाल, तर प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी टांगून ठेवावं लागतं, आणि त्या दबावातूनच गैरसमज जन्माला येतात. तिथे माझा सल्ला थोडा सैल करा. कथा दोन मैत्रिणींची असती तर 'भावासारखा' हा परवानाही लागला नसता. घरच्यांनी रात्री राहायलाही हसत परवानगी दिली असती, आणि नेमकं त्यामुळेच सांगणं किती तरी अवघड झालं असतं. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिल्यामुळे त्या कादंबरीचा शेवट लग्नाच्या कचेरीत करताही आला नसता. आणि पात्रं पन्नाशीची असतील, एकाचा जोडीदार गेलेला असेल, तर आईच्या जागी मुलं येतात. ती आईपेक्षा कडक असतात.

तुमच्या कादंबरीची सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती दुरुस्त करायला तुम्हाला सगळ्यात कंटाळा येईल. दोघं एकमेकांना सांगतात ते शेवटून दुसऱ्या प्रकरणात. मी ते पुस्तकाच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर आणेन. कारण त्यानंतरची गोष्ट जास्त चांगली आहे. मित्र म्हणून मुरलेली ही माणसं जोडपं म्हणून अगदी नवशिकी आहेत. पूर्वी बिल अर्धं-अर्धं व्हायचं, आता तो द्यायला जातो आणि तिला राग येतो. तिचे आधीचे दोन बॉयफ्रेंड त्याला पूर्ण माहीत आहेत, त्यांचे सगळे दोष तिनेच रात्ररात्र त्याला सांगितलेत, आणि आता तोच एक दोष त्याला स्वतःत दिसतो. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्याकडे बॉयफ्रेंडची तक्रार करायची तोच बॉयफ्रेंड झाला. पहिलं भांडण होतं तेव्हा तिचा हात सवयीने फोनकडे जातो, ओम्याला सांगायला. नंबर तर त्याचाच. शेवटाआधीचं तुटणं तुम्हाला हवं असेल तर ते इथून घ्या. त्यांना एकमेकांचा प्रियकर किंवा प्रेयसी आवडत नाही असं नाही, त्यांना आपला मित्र परत हवाय.

मग परत जोडणारं काय? पुन्हा काम. कॉलेजच्या पोरांचा दिवेवाला आजारी पडलाय, संगीतवाली नवखी आहे, दोघांना बोलावणं येतं. बोलणं बंद असताना दोघं काळोखात शेजारी बसतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

एक किरकोळ दुरुस्ती राहिली. कथा २०२३मध्ये घडते, ओळख २०१२ची. दुसऱ्या प्रकरणात २०१२च्या रात्री मुग्धा व्हॉट्सॲपवर निळ्या टिका बघत बसते. त्या आल्या २०१४च्या नोव्हेंबरात. असल्या गोष्टी वाचकाला आठवत नाहीत असं समजू नका. मला पान ४० अजून आठवतं.

आता शेवटाबद्दल. तुम्ही हॉलमधलं लग्न, अंतरपाट आणि टाळ्या लिहिल्यात. वाईट नाही. पण सारांशाप्रमाणे दोघांच्या जाती वेगळ्या आहेत, आणि तुम्ही ते एका ओळीत मिटवलंय, 'घरच्यांनी अखेर मान्य केलं.' विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) नोंदणी करायची तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावली जाते, ३० दिवस थांबावं लागतं, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. हे ३० दिवस तुम्हाला कायद्याने फुकट दिलेत. काकू अजून त्याच्याशी बोलत नाहीत. तिसरा साक्षीदार कोण, हे ठरलेलं नाही. ग्रूपमधला एक जण रुसलाय, त्याला सगळ्यात शेवटी कळलं म्हणून. आणि पहिल्या दिवशी, फॉर्म भरताना, ओंकारला तिचं नाव लिहायचंय. आडनाव तो न बघता लिहून मोकळा होतो, अकरा वर्षांची सवय. मग पेन थांबतं. ती शेजारून बघतेय. "लिही की," ती म्हणते, "येतं ना?"